नाशिकहून दोन रात्री किनाऱ्यावरच्या गावात: आधी तिथी बघा, मग खोली ठरवा

प्रश्न असा आहे: नाशिकहून स्वतःच्या गाडीने दोन रात्रींसाठी किनाऱ्यावरच्या एखाद्या खेड्यात जायचं आहे. सोबत साठी ओलांडलेले आई-वडील आणि आठ व बारा वर्षांची दोन मुलं. गजबजलेली चौपाटी नको. पण पाण्यात डुंबणं सोडलं तर खेड्यात दोन दिवस करायचं काय, आणि मुलं कंटाळणार नाहीत ना?

करण्यासारखं भरपूर आहे. मात्र त्यातलं जवळजवळ सगळं घड्याळावर नाही, भरती-ओहोटीवर चालतं. मासळी कधी उतरणार, होडी खाडीतून बाहेर कधी पडणार, वाळूवर किती लांब चालता येणार, मुलांना पाण्यात कधी सोडायचं, हे सगळं पाणी ठरवतं. आपली मंडळी नेमकं हेच बघत नाहीत. शनिवार-रविवार बघून खोली घेतात, दुपारी दोनला हौसेने किनाऱ्यावर जातात तर समुद्र अर्धा किलोमीटर आत गेलेला. मग 'इथे काही नाही' म्हणून मोबाइल काढून बसतात. म्हणून आधी तारीख कशी निवडायची ते सांगतो.

भिंतीवरचं कॅलेंडर घ्या आणि तिथी बघा. कोकणात चालत आलेला हिशेब असा: तिथीचा आकडा पाऊणपट करा, येईल ती पूर्ण भरतीची वेळ. पंचमी असेल तर पाच गुणिले पाऊण म्हणजे पावणेचार. म्हणजे पहाटे आणि दुपारी पावणेचारच्या सुमारास भरती, आणि त्यानंतर सव्वासहा तासांनी, म्हणजे दहाच्या आसपास, पूर्ण ओहोटी. शुक्ल पक्ष असो वा कृष्ण, मोजणी तीच. रोज ही वेळ पन्नासेक मिनिटांनी पुढे सरकते. हा ढोबळ हिशेब आहे. मुंबईच्या मानाने डहाणूकडे भरती थोडी उशिरा लागते, त्यामुळे अर्धा-पाऊण तास पुढे धरा आणि नेमकी वेळ मोबाइलवर त्या ठिकाणचं नाव घालून पाहा. हिशेबाचा उपयोग महिनाभर आधी तारीख ठरवताना होतो.

पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं. तेव्हा पाणी खूप वर चढतं आणि खूप लांब जातं. सप्तमी-अष्टमीच्या सुमारास भांग असतो. तेव्हा पाण्याची चढउतार कमी आणि ओढही कमी. तुमच्यासारख्या कुटुंबाला मी चतुर्थी ते षष्ठी हे दिवस सुचवेन. सकाळी साडेनऊ ते अकराच्या दरम्यान ओहोटी, म्हणजे ऊन चढायच्या आत समुद्राच्या तळावर फिरून होतं. दुपारी साडेतीन ते पाचच्या दरम्यान भरती, म्हणजे मुलांना पाण्यात उतरवायला पाणी जवळ आलेलं असतं. त्याउलट ऐन पौर्णिमेला भरती भर दुपारी बारा-साडेबाराला आणि ओहोटी सूर्योदय-सूर्यास्ताला. संध्याकाळी ओल्या वाळूवर लांबवर चालायला तो दिवस सुंदर, पण पोहायची आस लावून बसलेल्या मुलांचा हिरमोड होतो.

आता गाव कोणतं. दोन रात्रीच असतील तर नाशिककरांनी दिवेआगर, गुहागर, मालवण हा विचार सोडून द्यावा. दिवेआगरला जाण्यात एक दिवस आणि येण्यात एक दिवस जातो, मालवण तर त्याच्याही बरंच पुढे. आपल्याला जवळचा किनारा पालघर जिल्ह्याचा आहे: डहाणू, नरपड, चिखले, घोलवड, बोर्डी. त्र्यंबकेश्वर, मोखाडा, जव्हार, कासा, चारोटी, डहाणू असा रस्ता, नाशिकपासून बोर्डी साधारण दीडशे-एकशेसाठ किलोमीटर. अंतर कमी दिसतं, पण त्र्यंबकच्या पुढे घाट आणि वळणं आहेत, म्हणून साडेचार-पाच तास धरा. शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर निघू नका. मोखाडा-जव्हारचा टप्पा अंधारात, डिसेंबर-जानेवारीच्या धुक्यात, वृद्धांना घेऊन करण्यासारखा नाही. सकाळी सातला निघा, जव्हारला चहा-नाष्टा घ्या, बारा-साडेबाराला मुक्कामी पोचा. गाडी लागणाऱ्या मुलांना निघताना पोटभर मिसळ खाऊ घालू नका, एवढं सांभाळलं तर घाट सुखाचा होतो. एसटीने जायचं तर जव्हारपर्यंत एक टप्पा आणि तिथून डहाणूकडे दुसरा असा विचार करा, आणि वेळा आदल्या दिवशी स्थानकावर विचारून घ्या.

एक गोष्ट आधीच स्पष्ट असावी. बोर्डी-डहाणूचं पाणी निळंशार नसतं. किनारा उथळ आणि सपाट आहे, वाळू काळपट आहे, कुठे कुठे चिखल आहे आणि पाणी गढूळ दिसतं. ते घाणीमुळे नाही. खंबाताच्या आखाताकडे जावं तशी भरती-ओहोटी वाढत जाते. मालवणकडे उधाणाला पाणी दोन-अडीच मीटर चढत-उतरत असेल, तर डहाणूकडे चार-पाच मीटर. एवढं पाणी दिवसातून दोनदा आत-बाहेर होताना तळाचा गाळ ढवळला जातो. ज्यांना मास्क लावून पाण्याखालचे मासे बघायचे आहेत त्यांनी मालवणसाठीच सुट्टी साठवावी. पण समुद्राचा तळ पायी फिरून बघायचा असेल तर हाच किनारा चांगला, कारण इथे तो उघडा पडतो.

ही ओहोटीची फेरी म्हणजे सगळ्या सहलीचा गाभा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. पूर्ण ओहोटीच्या दीड तास आधी निघायचं, उतरत्या पाण्याच्या मागे मागे जायचं आणि पाणी वळायच्या सुमारास परत फिरायचं. चपला नकोत, त्या चिखलात रुततात आणि पट्टा तुटतो. मागे पट्टा असलेल्या सँडल किंवा जुने कॅनव्हासचे बूट घाला. अनवाणीही नको, कारण खडकांना चिकटलेल्या कालवांच्या, म्हणजे शिंपल्यांच्या, कडा पात्यासारख्या धारदार असतात. प्रत्येकाला टोपी, एकाकडे पाण्याची बाटली आणि मुलांसाठी एक साधं भिंग. खेळण्याच्या दुकानातलं चालेल.

वाळूत लहानसं भोक आणि त्याभोवती वाटाण्याहून लहान गोळ्यांची नक्षी दिसली की तिथे मुलांना बसवा आणि दोन-तीन मिनिटं कोणीही हलू नका. भोकातून नखाएवढा खेकडा बाहेर येतो, नांगीने वाळू तोंडात भरतो, वाळूच्या कणांना चिकटलेलं अन्न चाटूनपुसून घेतो आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागे ढकलतो. त्या गोळ्या म्हणजे त्याची विष्ठा, असं बहुतेकांना वाटतं. तसं नाही, ती जेवून झालेली वाळू आहे. भोकापासून सरळ रेषेत दूर जात खातो, म्हणून गोळ्या सूर्यकिरणांसारख्या मांडल्या जातात. मध्ये एक वाट मोकळी ठेवलेली असते, धोका वाटला की त्याच वाटेने तो घरात पळतो. सावली पडली तरी पळतो, म्हणून सूर्य तुमच्या पाठीशी नको, समोर हवा. पुढची भरती ही सगळी नक्षी पुसून टाकते आणि पुढच्या ओहोटीला नवी तयार होते. आठ वर्षांचं मूल इथे अर्धा तास सहज रमतं.

याशिवाय चालता शंख दिसला तर उचलून पालथा करा. आत बारीक पाय दिसले तर तो शंखात राहणारा खेकडा आहे. जिथे होता तिथेच ठेवा, घरी आणू नका. एक तर तो मरतो, आणि दोन दिवसांनी पिशवीला असा वास सुटतो की पिशवीही टाकावी लागते. खडकांमधल्या डबक्यात पाकळ्या पसरलेली समुद्रफुलं दिसतात. बोटाने टोचू नका, पाण्यात नुसती सावली हलवून बघा. रिकामे शिंपले मूठभर आणायला हरकत नाही.

या फेरीत चुकतं कुठे? किनारा अगदी सपाट असल्याने परतणारं पाणी समोरून लाट होऊन येत नाही. ते आधी खोलगट घळींमधून शिरतं. तुम्ही उंच वाळूच्या पट्ट्यावर उभे राहून फोटो काढत असता आणि तुमच्या आणि किनाऱ्याच्या मधली घळ गुपचूप भरते. म्हणून जाताना ओलांडलेली प्रत्येक घळ लक्षात ठेवा आणि ओहोटीची वेळ झाली की पाणी कितीही लांब दिसत असलं तरी फिरा. दुसरं म्हणजे खाडीच्या तोंडाजवळचा गाळ. वरून तो वाळूसारखाच दिसतो, पण पाऊल घोट्याच्या वर गेलं की पुढे जाऊ नये. पाय अडकलाच तर ओढाताण केल्याने आणखी रुततो. मागे रेलून बसायचं, वजन पसरू द्यायचं आणि एकेक पाय हलवत सोडवायचा. आई-वडिलांना घट्ट ओल्या वाळूवरूनच न्या. त्यांना कंटाळा आला तर सुरूच्या बनात सावलीत बसता येतं. बोर्डीला किनाऱ्याला लागून सुरूची झाडं आहेत.

पाण्यात उतरण्याचा नियम सोपा आहे: चढत्या पाण्यात उतरा, उतरत्या पाण्यात नाही. भरतीच्या दीड-दोन तास आधीपासून भरती पूर्ण होईपर्यंतचा वेळ मुलांसाठी. भरती वळली की मुलं बाहेर, मग ती कितीही रडोत, कारण तेव्हापासून पाण्याची ओढ समुद्राकडे असते. मोठ्यांनीही कमरेपेक्षा खोल जाऊ नये आणि खाडीच्या तोंडाशी तर मुळीच उतरू नये. पाणी समुद्रात ओढायला लागलं तर किनाऱ्याकडे तोंड करून झुंजू नका, किनाऱ्याला समांतर पोहत ओढीतून बाजूला व्हा आणि मग काठाकडे या. नदीत-धरणात पोहायला शिकलेल्या माणसाला हे अंगवळणी नसतं. तो सरळ काठाकडे हात मारत राहतो आणि दमतो. उथळ पाण्यात चालताना पाऊल उचलून टाकू नका, वाळूवर घासत पुढे न्या, म्हणजे तळाशी बसलेला पाकट मासा आधीच बाजूला होतो. त्याचा काटा लागलाच तर जखम सोसेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवायची आणि डहाणूच्या दवाखान्यात न्यायचं. जेलीफिशचा चटका बसला तर समुद्राच्याच पाण्याने धुवा, चिकटलेले धागे चिमट्याने उचलून काढा आणि नंतर गरम पाण्याचा शेक द्या. वाळू चोळू नका, आणि गोडं पाणी लगेच ओतू नका, त्याने आग वाढते.

आता कोळीवाडा. डहाणू-चिंचणी-सातपाटीच्या पट्ट्यात डोल जाळ्याची मासेमारी जुनी आहे. डोल म्हणजे शंकूच्या आकाराची लांबलचक पिशवी. तोंडाला मोठी वीण, शेपटाकडे बारीक होत जाणारी. ती समुद्रात एका जागी बांधतात, तोंड वाहत्या पाण्याकडे. ओढ असेल तोवर बोंबील, करंदी, जवळा, मांदेली आत वाहून येतात. पाणी थांबून उलटं फिरायच्या आत जाळं ओढून रिकामं करायचं. म्हणजे इथे मासा पकडायचं काम समुद्राचा प्रवाहच करतो. म्हणूनच उधाणाला डोलीत मासळी जास्त लागते आणि भांगाला ओढ नसल्याने कमी. भांगाच्या दिवसांत गेलात तर बोटी काठाला आणि माणसं जाळी शिवताना दिसतील, तेही बघण्यासारखं आहे.

लहान खाड्या ओहोटीला कोरड्या पडतात, त्यामुळे बोटी भरतीच्या पाण्यावरच आत येतात. 'सकाळी सहाला या, मासे मिळतील' असं ठरीव उत्तर म्हणूनच मिळत नाही. आदल्या संध्याकाळी जेटीवर जाऊन विचारा: 'उद्या बोटी कधी लागणार?' पंचमीच्या सुमारास पहाटे किंवा दुपारी उशिरा. मासळी उतरली की आधी मोठ्या मालाचा सौदा होतो, तेव्हा मध्ये उभं राहून भाव विचारू नये. तो आटोपला की बायका वाटे लावून बसतात, तिथे तुमची खरेदी. ताजेपणा ओळखायचा तर डोळा फुगीर आणि स्वच्छ, कल्ला उघडून पाहिला तर लाल, आणि अंगावर बोट दाबलं तर खळगा न राहणारा मासा घ्या. बोंबील घट्ट आणि चकचकीत हवा. लोळागोळा झालेला, पिवळट छटेचा बोंबील स्वस्त मिळाला तरी नको. पापलेट छोटं मिळालं तर घेऊ नका. ते २०२३ मध्ये राज्यमासा म्हणून जाहीर झालंय आणि पिल्लं धरल्यामुळेच त्याची आवक घटते, हे कोळीवाड्यातली जुनी माणसं स्वतःच सांगतात.

कोळीवाड्यात पाळायच्या दोन-तीन गोष्टी. पसरलेलं जाळं ओलांडू नका, वळसा घाला. होडीत चढायचं तर चपला काढून. सुकत घातलेल्या बोंबलांच्या दोऱ्यांखालून मुलांना पळू देऊ नका. फोटो विचारून काढा. मासळी निवडणाऱ्या बाईंना 'मावशी, काढू का फोटो?' विचारलं तर बहुतेक हो म्हणतात, न विचारता काढला तर त्यांना राग येतो, आणि तो रास्त आहे. गप्पा वाढवण बंदरावर जातीलच. त्याचं भूमिपूजन ऑगस्ट २०२४ मध्ये झालं आणि या किनाऱ्यावरच्या मच्छीमारांचा त्याला अनेक वर्षं विरोध आहे. दोन दिवसांच्या पाहुण्याने तिथे मत देऊ नये, ऐकून घ्यावं.

होडीतून फेरी मिळते, पण ती ठरवताना पैशांच्या आधी परतीची वेळ विचारा. ओहोटी लागल्यावर होडी खाडीबाहेर अडकली तर पुढचं पाणी येईपर्यंत बसून राहावं लागतं. भरतीच्या तासभर आधी निघून भरती ओसरायच्या आत परत, असा बेत धरा. लाइफ जॅकेट मुलांच्या मापाचं आहे का ते स्वतः घालून बघा. मोठ्या माणसाचं जॅकेट मुलाच्या डोक्यावरून निसटतं, ते असून नसल्यासारखंच. जून-जुलैत यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते आणि पावसाळाभर समुद्र खवळलेला असतो. त्या काळात होडी आणि पोहणं दोन्ही नको. नारळी पौर्णिमेला आणि होळीला कोळीवाड्यात मोठा सण असतो, पाहुण्यांचं आनंदाने स्वागत होतं, पण होडीला माणूस मिळणार नाही.

तिसरी गोष्ट वाडीची. घोलवड-बोर्डी म्हणजे चिकू. डहाणू-घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन आहे. किनाऱ्यापासून आत गेलं की दोन्ही बाजूंना वाड्या लागतात. एवढी हिरवाई टिकली त्यामागे एक कारण आहे. १९९१ मध्ये केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला आणि कारखानदारीवर कडक बंधनं आली. वाडी बघायला सकाळी आठ-नऊची वेळ चांगली, तोडणी तेव्हा चालू असते. टोकाला जाळी बांधलेल्या लांब काठीने फळ अलगद उतरवतात. खाली पडलेलं फळ वेगळं काढतात, कारण त्याला आतून मार लागतो आणि ते एका बाजूने सडतं. तयार फळ ओळखायचं असेल तर नखाने किंचित खरवडायचं: खाली हिरवं दिसलं आणि चीक आला तर कच्चं, पिवळसर-तपकिरी दिसलं तर काढायला तयार. घरी न्यायला कडक फळंच घ्या. पिकलेली जव्हारच्या घाटात पिशवीतच फुटतात. नाशिकच्या थंडीत चिकू पिकायला वेळ लागतो, आठवडाही लागू शकतो. कागदात गुंडाळून, मध्ये एखादं पिकलेलं केळं ठेवून टोपलीत झाका. पिकण्याआधी फ्रीजमध्ये ठेवलेला चिकू धड पिकत नाही, नुसता चिवट होतो. मार्च ते मे गेलात तर ताडगोळे मिळतात. ते जागेवर सोलून खायचे, परतीला न्यायच्या भानगडीत पडू नये.

खाण्याबद्दल. घरगुती मुक्कामात 'मेन्यू काय आहे' हा प्रश्न चुकीचा. 'आज काय आलंय?' असं विचारा आणि जे आलंय ते खा. जेवणाची संख्या आदल्या रात्रीच सांगा, कारण गावात मासळी आणि भाकरीचं पीठ माणशी मोजून आणलं जातं. तांदळाची भाकरी, बोंबलाचं कालवण, सुका जवळा घातलेली वांगी एवढं मिळालं तरी जेवण झालं म्हणा. शाकाहारी माणसं असतील तर ते खोली ठरवतानाच सांगा. थंडीत उकडहंडी मिळते का बघा. वालपापडी, कंद, रताळी, बटाटे मसाला लावून मडक्यात भरतात, तोंड पानांनी बंद करतात आणि मडकं उपडं करून भोवती जाळ घालतात. पाणी अजिबात नाही, भाज्या स्वतःच्याच वाफेवर शिजतात. हे तासाभराचं काम नाही, निदान एक दिवस आधी सांगावं लागतं.

आई-वडिलांना दुपारी उन्हात नेऊ नका. त्याऐवजी वारली चित्रकारांकडे एक दुपार ठेवा. पद्मश्री मिळालेले जिव्या सोमा म्हसे याच डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे. कागदावर आणि कापडावर वारली चित्रं जगभर गेली ती मुख्यतः त्यांच्या हाताने. मूळ चित्र मात्र भिंतीवरचं, आणि लग्नाचा देवचौक, म्हणजे देवीचं चौकोनी चित्र, काढण्याचा मान सवाष्णींचा. तांदळाचं पीठ पाण्यात कालवून, टोक चेचलेल्या काडीने, गेरू किंवा शेण-मातीने सारवलेल्या भिंतीवर. मुलांना काडी हातात धरून एक माणूस काढायला सांगा. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून झालं अंग, पण हातपाय हलते दिसायला वेळ लागतो, तेव्हा कळतं की हे सोपं नाही. विकत घ्यायचं तर चित्रकाराकडूनच घ्या आणि भाव पाडू नका. तीच चित्रं शहरात कितीतरी महाग विकली जातात आणि वरचा पैसा त्याच्याकडे येत नाही.

बोर्डीजवळ बाहरोटचा डोंगर आहे. गुजरातेतलं संजाण शत्रूच्या हाती पडल्यावर पारशी समाजाने आपला पवित्र अग्नी तिथल्या गुंफांमध्ये बारा वर्षं जपला, अशी परंपरा आहे. तीच ज्योत पुढे गुजरातेत उदवाड्याला स्थिर झाली. चढण दमवणारी आहे. बारा वर्षांच्या मुलाला घेऊन पहाटे जाता येईल, आजी-आजोबांना नाही. गुंफेत मोठ्याने बोलू नये, चपला बाहेर काढाव्यात. दोन रात्रींत हे आणि ओहोटीची फेरी दोन्ही कोंबू नका. माझं मत विचाराल तर डोंगर पुढच्या खेपेला ठेवा.

कासवांबद्दल हमखास विचारलं जातं. ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात सोडताना बघायची असतील तर ते ठिकाण हे नव्हे. त्यासाठी रत्नागिरी जिल्ह्यातलं वेळास किंवा आंजर्ले, साधारण फेब्रुवारीअखेर ते एप्रिल, आणि नाशिकहून किमान तीन रात्री. वेळासला हे संवर्धनाचं काम सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून उभं केलं. पिल्लं सकाळी आणि संध्याकाळी सोडतात, पण त्या दिवशी अंड्यातून निघतील तरच. खात्री कोणी देत नाही आणि मागूही नये.

खोली ठरवताना फोनवर काय विचारायचं? किनाऱ्यापासून चालत किती, कारण 'सी फेसिंग' लिहिलेलं घर कधी कधी किलोमीटरभर आत असतं. आई-वडिलांसाठी तळमजला आणि कमोड आहे का. विहिरीचं पाणी मचूळ आहे का, असेल तर पिण्याचं कॅनमधून मागवतात का. वीज गेली तर पंख्याला सोय आहे का. नाशिकच्या कोरड्या हवेतून गेलेल्या माणसाला तिथला घाम पहिल्या दिवशी असह्य होतो, म्हणून सुती कपडे माणशी एक जोड जास्त घ्या. रोख पैसे बाळगा, वाटा लावून बसलेल्या सगळ्याच मावशींकडे स्कॅनर नसतो. डासांसाठी मलम आणि रात्री किनाऱ्यावर चालायला बॅटरी.

गाडी वाळूवर उतरवू नका. दरवर्षी कोणाची ना कोणाची गाडी ओल्या, घट्ट दिसणाऱ्या वाळूवर उभी राहते, चाकं रुततात आणि तेवढ्यात भरती येते. रुतलीच तर ॲक्सिलरेटर देऊ नका, चाक फिरून आणखी खड्डा करतं. चारही टायरमधली जवळजवळ निम्मी हवा सोडा, चाकापुढची वाळू हाताने काढा, पायपुसणी चाकाखाली घाला आणि पहिल्या गिअरमध्ये हळू बाहेर या. नाही निघाली तर वेळ न घालवता गावातला ट्रॅक्टर बोलवा. घरी आल्यावर गाडीचा खालचा भाग गोड्या पाण्याने धुवून घ्या, खाऱ्या पाण्याने नट-बोल्ट पकडतात.

परतीच्या दिवशी मासळी आणायची तर डबा नाशिकहूनच न्या, झाकण घट्ट बसणारा थर्माकोलचा किंवा आइसबॉक्स. बर्फ जेटीजवळ मिळतो, फोडलेलाच घ्या. उन्हाळ्यात जितकी मासळी तितकाच बर्फ, म्हणजे तीन किलोला तीन किलो, थंडीत निम्मा पुरतो. मासळी तिथेच साफ करून, पोट काढून, कल्ले काढून घ्या, कारण सडायला सुरुवात तिथूनच होते. तळाशी दोन इंच बर्फ, त्यावर मासळी पिशवीत बांधून, मग पुन्हा बर्फ. बोंबील सगळ्यात वर, खाली दबले की त्यांचं पाणी होतं. जव्हारला थांबाल तेव्हा डब्यातलं वितळलेलं पाणी ओतून टाका, मासळी पाण्यात तरंगत राहिली की चव जाते. सुकं घ्यायचं तर जवळा मुठीत दाबून बघा. मूठ उघडल्यावर मोकळा झाला तर नीट वाळलेला, गोळा राहिला तर ओला. दोन थर वर्तमानपत्र आणि त्यावर प्लास्टिक, नाहीतर चिकूलाही तोच वास लागतो. घरी आल्यावर गच्चीत एक दिवस कडक ऊन द्या, वाळू चाळून काढा आणि मग बरणीत भरा.